थ्रिलरची पहिली दोन मिनिटं आणि आमच्या गल्लीतल्या काकू

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर आज लावा. आजचा विषय आवाजाचाही आहे, तो का ते पुढं कळेलच.

मी चाकूरचा. लातूर-नांदेड रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर लातूर रोड हे रेल्वे जंक्शन आमच्या तालुक्यात येतं, आणि वडवळ नागनाथचं औषधी वनस्पतींचं संजीवनी बेटही. पण आज पर्यटन नाही. आज मी तुम्हाला माझी एक फसलेली फिल्म सांगणार आहे. फिल्म म्हणजे काय, दोनच मिनिटं. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात आम्हाला एक प्रकल्प होता: थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करायची. अख्खी गोष्ट नको, शेवट नको, पहिली दोन मिनिटं. आणि सोबत लिहून द्यायचं की तुमचा प्रेक्षक कोण आणि त्याच्यासाठी तुम्ही काय काय केलं.

मी म्हटलं, हे तर सोपं आहे. थ्रिलर काय कमी बघितलेत का आपण? रात्री जेवण झालं की गच्चीवर जायचं, मोबाईल काढायचा आणि कोरियापासून केरळपर्यंत सगळे खून बघायचे.

तर पहिली आवृत्ती अशी होती. रात्र. बसस्टँडमागची अरुंद बोळ. काळी हुडी घातलेला माणूस, चेहरा दिसत नाही. हातात सुरी. मग कट. गावाबाहेरचं चिंचेचं झाड, फांदीला लोंबणारी दोरी, वाऱ्यानं हलतेय. खाली एक चप्पल. पार्श्वभूमीला जड घुमणारा आवाज, असा छातीत बसणारा. आणि मग नाव.

मला वाटलं, जमलं! गणपतीचे दिवस होते. गल्लीतल्या मंडपात प्रोजेक्टर आणलेला. पोरं म्हणाली, दादा तुझं पिक्चर लाव की. लावलं.

पहिल्या वीस सेकंदांत हशा. हुडीवाला बोळीत वळला आणि समोरून आवाज आला, "आरं, ह्यो तर किराणावाल्याचा पोरगा!" दुसरा म्हणाला, "एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला घातलाय ह्यानं?" झालं. भीती गेली गणपतीबरोबर. मी कोपऱ्यात उभा राहून घामाघूम.

मग दोरीचा शॉट आला, आणि मंडप गप्प झाला.

एक सेकंद मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता घाबरले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या गल्लीतल्या काकू उठल्या. पदर नीट केला, कुणाकडं न बघता चालत निघून गेल्या. त्यांच्या घरात काय झालं ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. इथं सांगायची गरज नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याला ते शेतातलं झाड आणि ती दोरी एवढं बोललं तरी पुढचं सांगावं लागत नाही.

आणि मला ते माहीत होतं. हेच मला अजून टोचतं. त्या घरात त्या दिवशी मीही जाऊन बसलो होतो. तरी शॉट लावताना माझ्या डोक्यात त्या नव्हत्या. माझ्या डोक्यात एका परदेशी मालिकेचं पोस्टर होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मग दुसऱ्या दिवशी मी आमच्या नोट्स काढल्या, ज्या मी परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. प्रेक्षकांविषयीचे सिद्धांत. आता जरा अभ्यासाचं बोलू, पण कंटाळू नका, दोन मिनिटं थांबा.

सगळ्यात जुनी कल्पना इंजेक्शनची. माध्यम म्हणजे सुई, प्रेक्षक म्हणजे दंड. टोचलं की औषध भिनलं. सुरी दाखवली की भीती, दोरी दाखवली की गूढ. मी नेमकं हेच धरून चाललो होतो. अभ्यासकांनी ही कल्पना कधीच मागे टाकलीय, पण आपण फिल्म करायला बसलो की सगळे आतून सुईवालेच असतो.

मग १९७० च्या दशकात एलिहू कॅट्झ, जे ब्लमलर वगैरे मंडळींनी प्रश्न उलटा केला. माध्यम माणसाला काय करतं हे सोडा, माणूस माध्यमाचं काय करतो ते बघा. कुणी माहितीसाठी बघतं, कुणी स्वतःला त्यात शोधायला, कुणी चारचौघांत बोलायला विषय मिळावा म्हणून, कुणी नुसतं दिवसभराचं विसरायला. मंडपातली पोरं कशाला आली होती? एकत्र बसून हसायला. त्यांनी आपलं काम चोख केलं. चूक त्यांची नव्हतीच.

आणि तिसरा स्टुअर्ट हॉल. जमैकात जन्मलेला, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला शिकवणारा. १९७३ मध्ये त्यानं मांडलं की करणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो आपल्या आयुष्याच्या किल्लीनं उघडतो. कधी करणाऱ्याला हवा तोच अर्थ निघतो, कधी थोडा हो थोडा नाही असा निघतो, कधी सपशेल उलटा. माझ्या दोरीचा अर्थ मी भरला होता: "कोण मेलं असेल बरं?" काकूंच्या किल्लीनं ते कुलूप वेगळंच उघडलं. त्यात "कोण" हा प्रश्नच नव्हता.

आता गंमत बघा. हे सगळं वाचताना मला आमच्या मराठीच्या सरांनी शिकवलेलं आठवलं. भरताचं नाट्यशास्त्र आणि त्यावरची अभिनवगुप्ताची टीका. अभिनवगुप्त म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा काश्मिरी पंडित. तो प्रेक्षकाला "सहृदय" म्हणतो, ज्याचं हृदय समोरच्या प्रसंगाशी जुळतं असा. पण तोच सांगतो की रस अनुभवायला काही विघ्नं असतात. त्यांतलं एक विघ्न असं, की बघणारा स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडून जातो की समोरचं नाटक त्याच्यासाठी नाटक उरतच नाही. भयानक रसातली भीती सगळ्यांची मिळून असते, म्हणून ती चाखता येते. ती माझी एकट्याची झाली की ती नुसती जखम.

म्हणजे काकू उठून गेल्या ते हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. आणि मी पोस्टर बघत बसलो.

दोन दिवसांनी काकूंकडं गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण उंबऱ्यात गेल्यावर सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "काकू, चुकलं." त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुझं पिक्चर चांगलंच असंल बाबा. पण मला दोरी दिसली की पुढचं माझंच दिसायलंय. तुझं दिसंना."

मग मी वेड्यासारखं विचारलं, "काकू, तुम्हाला भीती कशाची वाटायची? आधी?"

मला वाटलं रागावतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सांगायला लागल्या, रात्रीच्या लाईटीचं.

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. आमच्याकडं शेतीच्या पंपाची वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस जेवून रानात जातो, लाईट आली की मोटार चालू करतो आणि अंधारात दारं धरत बसतो. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणं. खाली साप, बाजूला रानडुक्कर, हातात बॅटरी.

काकू म्हणाल्या, "आमचं रान गावाला लागूनच. पयले मोटारीचा आवाज आला की कळायचं, बटन दाबलं, माणूस हाय. मग मी झोपायची. ऑटो बसवल्यापासून ते बी कळंना झालं. लाईट आली की मोटार आपली आपण चालू व्हायची. माणूस हाय का न्हाई, कसं कळावं?"

मंडळी, मी तिथंच बसून राहिलो. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेला छोटा डबा. वीज आली की मोटार आपोआप सुरू. आमच्याकडं बऱ्याच जणांच्या विहिरीवर आहे. मी लहानपणापासून तो डबा बघतोय. त्यात थ्रिलर आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

हिचकॉकचं एक उदाहरण सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. फ्रान्स्वा त्रुफोनं १९६२ मध्ये त्याची लांबलचक मुलाखत घेतली, त्यातलं. माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, आणि मग त्याच निरर्थक गप्पा चालू ठेवल्या, तर प्रेक्षक कितीतरी मिनिटं जीव मुठीत धरून बसतो. पहिला प्रकार आश्चर्याचा, दुसरा उत्कंठेचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. "सैराट"चा शेवट. आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती त्यांच्यासाठी चहा ठेवते. आपल्याला काही सांगितलेलं नाही, पण आपल्याला सगळं माहीत आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तो चहा बघवत नाही. बॉम्ब पडद्यावर दाखवावा लागला नाही, तो आपल्याच डोक्यात आधीपासून होता. आणि मग नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. लहान बाळ चालत येतं, आणि थिएटरभर शांतता.

किंवा "अंधाधुन"ची सुरुवात आठवा. २०१८ चा, श्रीराम राघवनचा. कोबीचं शेत, एका डोळ्यानं आंधळा ससा, मागे बंदूकवाला. गोळी सुटते, आणि आपण थेट पुण्यात पियानोसमोर. त्या सशाचं काय झालं हा काटा आपण सिनेमाभर घेऊन फिरतो. सुरुवातीचं काम एवढंच: एक काटा रुतवायचा आणि विसरल्यासारखं करायचं. तो सिनेमाही एका छोट्याशा फ्रेंच लघुपटावरून सुचलेला, बरं का. लहान फिल्मला लहान समजू नका. नागराज मंजुळेंचा "पिस्तुल्या" हा लघुपटसुद्धा अहमदनगरला शिकत असतानाचा, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तर मी काकूंना विचारलं, "हे मी पिक्चरमध्ये घेऊ का? तुमचं नाव नाही, घर नाही. फक्त मोटार." त्या म्हणाल्या, "घे. पण आधी मला दाव. सगळ्यांच्या आधी."

डिसेंबरात गव्हाला पाणी चालू झालं, तेव्हा शूटिंग केलं. आता तंत्राचं सांगतो. ज्यांना मोबाईलवर फिल्म करायची त्यांनी लिहून घ्या.

पहिली गोष्ट अंधार. आधीच्या फिल्ममध्ये मी सगळं काळंकुट्ट केलं होतं. पण माझा प्रेक्षक बघतो कुठं? एसटीत, कट्ट्यावर, दुपारी, ब्राइटनेस निम्मा करून. त्या काळ्या फ्रेममध्ये त्याला माझा खुनी दिसत नाही, स्वतःचं तोंड दिसतं. म्हणून या वेळी रात्र दाखवायला दिवेलागणीची वेळ धरली. सूर्य गेल्यावरची वीसेक मिनिटं आभाळ निळं असतं, माणूस काळा दिसतो, आणि मोबाईलवर ती रात्र वाटते. रोज वीसच मिनिटं मिळायची. चार दिवस गेले.

दुसरी गोष्ट लुकलुक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शटर एक पन्नासांश किंवा एक शंभरांश सेकंद ठेवलं आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या की बल्बचा उजेड पडद्यावर थरथरत नाही. फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून लॉक करा, नाहीतर मोबाईल मध्येच स्वतःचं डोकं चालवतो. आणि एअरप्लेन मोड. आमचा एक सुंदर टेक माझ्या मामाच्या फोननं खाल्ला.

तिसरी गोष्ट आवाज, म्हणून सुरुवातीला हेडफोनचं म्हणालो. माझा तो छातीत बसणारा आवाज आठवतो? मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर घुमला. पण तीच फिल्म पोरांनी नंतर मोबाईलवर बघितली तेव्हा तो आवाज गायब! मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर बाहेरच पडत नाही. म्हणजे माझी निम्मी भीती वाटेतच सांडली होती. मग या वेळी वरच्या पट्टीतले आवाज शोधले. स्टार्टरचा "खट्ट". पाटातल्या पाण्याची खळखळ. रातकिडे. आणि फोनची रिंग. दुसरा मोबाईल रुमालात गुंडाळून त्या त्या वस्तूच्या अगदी जवळ ठेवला आणि आवाज वेगळा रेकॉर्ड केला. संगीत शून्य.

आता नवी सुरुवात ऐका.

पहिला शॉट, स्टार्टरची पेटी. अंधार. कुणी नाही. आठ सेकंद काहीच होत नाही. मग पेटीवरचे तीन दिवे लागतात, लाईट आली. आणि "खट्ट", मोटार आपोआप सुरू. हाताचा स्पर्श नाही. हा शॉट शहरातल्या प्रेक्षकासाठी. आमच्या गावातल्याला ऑटो माहीत आहे, पुण्याच्या पोराला नाही. त्याच्यासाठी बॉम्ब टेबलाखाली ठेवून दाखवावा लागतो. प्रेक्षक कोण, हे ठरवणं म्हणजे हेच: कोणाला काय आधीच माहीत आहे आणि कोणाला ते दाखवावं लागेल.

दुसरा शॉट, घर. एक बाई ताटावर ताट झाकते. लांबून मोटारीचा आवाज येतो. ती क्षणभर थांबते, ऐकते. मग मोबाईल उचलते, नंबर लावते. चेहरा जवळून नाही, पाठीमागून. तिच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ. रिंग जातेय.

तिसरा शॉट, शेवटचा. कॅमेरा जमिनीवर, विटेवर ठेवलेला. कोरडा पाट. मधोमध एक बॅटरी पडलीय, चालू. उजेड मातीवर पसरलाय. बाकी कुणी नाही. लांबून पाणी येताना दिसतं. हळू. भेगांत मुरत, पुढं सरकत. फोनची रिंग कुठंतरी ऐकू येते. पाणी बॅटरीजवळ येतं. चाळीस सेकंद, एकही कट नाही.

हा शॉट तीनदा घ्यावा लागला, कारण पाट एकदा भिजला की दुसऱ्या वेळी पाणी पळत येतं, त्याचा रेंगाळलेपणा जातो. प्रत्येक टेकला शेजारी नवा कोरडा पाट खणला. बॅटरी पारदर्शक पिशवीत गुंडाळून वर मातीचा हात फिरवला, नाहीतर पहिल्याच टेकला संपली असती.

त्यात रक्त नाही, सुरी नाही, दोरी नाही. पण शेतकऱ्याच्या पोरानं तो पाट बघितला की त्याच्या पोटात कालवाकालव होते. पाणी फुटतंय, वळवायला कुणी का नाही? माणूस कुठंय? तो घसरला असेल, साप चावला असेल, कुणी मारलं असेल, की नुसता बांधापलीकडं गेला असेल. सगळी दारं उघडी. पहिल्या फिल्ममध्ये मी एकच दार उघडं ठेवलं होतं, आणि ते काकूंच्या घरात जात होतं.

ठरल्याप्रमाणं काकूंना आधी दाखवलं. त्यांच्या ओसरीवर, माझ्याच मोबाईलवर. माझं लक्ष पडद्यावर नव्हतं, त्यांच्याकडं होतं. मोटार चालू झाली तेव्हा त्यांनी मान हलवली, "अगदी आसंच." पाणी यायला लागलं तसं मोबाईल दोन्ही हातांनी धरला. शेवटी मी ठेवलं होतं की पाणी बॅटरीवरून जातं, उजेड विझतो, काळोख, नाव. विझण्याचा तो भाग एडिटिंगमध्ये केलेला.

त्या म्हणाल्या, "बॅटरी विझवू नको."

मी म्हणालो, "काकू, थ्रिलर आहे. विझली की लोक घाबरतात."

त्या म्हणाल्या, "विझली की कळालं ना सगळं. मग लोक बसतील कशाला? चालू ठिव. वाट तरी बघतील."

मी घरी येऊन तो भाग काढला. आता पाणी बॅटरीवरून जातं आणि ती पाण्याखाली तशीच जळत राहते. उजेड हलतो, थरथरतो, पण विझत नाही. त्यावर नाव येतं.

प्रकल्पात मला किती गुण मिळाले ते विचारू नका, बरे मिळाले. पण अहवालात "तुमचा प्रेक्षक कोण" या रकान्यात मी पहिल्यांदा "वय १५ ते २५, थ्रिलरची आवड असणारे" असं लिहिलं होतं. ते खोडलं. त्या जागी लिहिलं: "ज्याच्या घरात रात्री कुणाची तरी वाट बघितली जाते असा कुणीही." आणि खाली, जे आधी लिहायला हवं होतं ते: "ही फिल्म कुणाला उठून जायला लावेल, याचा विचार केला आहे."

तुम्ही फिल्म करत असाल तर हे तीन प्रश्न कॅमेरा काढायच्या आधी विचारा. माझ्या प्रेक्षकाला आधीच काय माहीत आहे? तो हे कुठं, कशावर, कोणाबरोबर बघणार आहे? आणि त्याच्या आयुष्यातलं काय मी न विचारता उचलतोय? तिसऱ्याचं उत्तर मिळालं, तर जाऊन विचारा. बहुतेक वेळा माणसं देतात. आणि तुमच्यापेक्षा चांगला कट सुचवतात.

जाता जाता एक. आजचं ऐकून कुणाला आतून जड वाटत असेल, घरचं काही आठवलं असेल, तर एकटे बसू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या घरातली एक अशी वस्तू शोधा जी आपोआप चालू होते, आणि ती चालू झाल्यावर घरातलं कोण कान देऊन ऐकतं ते बघा. सापडली तर मोबाईल विटेवर ठेवा आणि चाळीस सेकंद शूट करा. मला पाठवा.

चला, आमच्याकडं आज रात्रीची पाळी आहे. बाबा रानात निघालेत, मलाही जायचंय. भेटू पुढच्या भागात.